पोहता येण्याची अट

फॉर्म बुधवारी सकाळी अकरा वाजता आला. तोवर बाकी सगळं ठरलेलं होतं. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक खाजण, जूनचा दुसरा आठवडा, सहा दिवस. ऑफिसच्या भिंतीवर एरवी बिडकीनकडच्या प्लॉटांचा नकाशा असे. तिथं आता वाऱ्याचा तक्ता लागला होता. पायाखाली फळी बांधायची, कमरेला मोठा पतंग अडकवायचा आणि वारा ओढील तसं पाण्यावरून जायचं, याला काइटसर्फिंग म्हणतात, हे ऑफिसातल्या चौघांपैकी कुणालाही दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं.

चौघं म्हणजे मालक शंतनू, विक्री बघणारा मिहिर, जाहिराती करणारी सावनी आणि कागदपत्रं सांभाळणारी सुलेखा. वर्षभरात त्यांनी दोन शिवारं तुकडे पाडून विकली होती. सहल हे त्याचं बक्षीस.

फॉर्मच्या सातव्या रकान्यात प्रश्न होता: खोल पाण्यात न थांबता पन्नास मीटर पोहता येतं का? येत असल्यास पोहणाऱ्या जाणकार व्यक्तीची सही जोडावी.

"येतं म्हणून लिहून टाकू," मिहिर म्हणाला.

"तिथं गेल्यावर पाण्यात उतरवून बघतात," सुलेखा म्हणाली. तिनं खालची बारीक अक्षरं वाचली होती.

"कुणाला येतं?" शंतनूनं विचारलं.

आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात वाढलेली ही माणसं. 

"मला येतं," सुलेखा म्हणाली. "काकाच्या विहिरीत शिकले. पाठीला रिकामा डबा बांधून."

"मग मॅडम, आमच्याही पाठीला एकेक डबा बांधा," मिहिर म्हणाला.

शंतनू हसला नाही. "विहिरीत पाणी आहे?"

"आहे," ती बोलून गेली.

तिला जायचं होतं. तिनं समुद्र पाहिला नव्हता. तिचा पासपोर्ट आला तेव्हा आईनं तो मुकुंदवाडीच्या अख्ख्या गल्लीत फिरवून आणला होता. आणि या एका रकान्यापुरती ती त्या ऑफिसात सगळ्यांच्या पुढं होती.

तिनं काकाला, कडुबाला, फोन केला. बिडकीनच्या अलीकडं सात किलोमीटरवर त्याचं गाव.

"सुलू, गावाला ही एकच विहीर राहिली आता," कडुबा म्हणाला. "बाया प्यायला नेत्यात. अन् त्यात पवायचं म्हणती?"

"दोन तास, काका. माझे सर आहेत."

 तो म्हणाला, "घरून आंघोळ करून यायचं. अंगाला काय लावायचं नाय. थुकायचं नाय. दहाच्या आत वर. अकराला बाया येत्यात."

सुलेखानं हे चारही नियम ग्रुपवर टाकले. तीन अंगठे आले.

रविवारी आठला शंतनूची नवी गाडी विहिरीपाशी थांबली. सावनी उतरली तेव्हा तिचा चेहरा, मान आणि दंड उन्हाच्या क्रीमनं पांढरे होते.

"पुसून टाक ना ते," सुलेखा म्हणाली.

"अगं, वॉटरप्रूफ आहे. निघतच नाही."

विहीर तीस फूट रुंद. पन्नास मीटर म्हणजे साडेपाच फेऱ्या. पाणी दोन पुरुष, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं, आणि पायऱ्यांपासून तळातला दगड दिसत होता. सुलेखानं एक फेरी मारून दाखवली, पाय कसे मारायचे ते सांगितलं, प्रत्येकाच्या पाठीला डबा बांधला. अर्ध्या तासात पाण्यावर तेलकट तवंग पसरला आणि उन्हात निळा-जांभळा दिसायला लागला. त्यात सावनीचे केस तरंगत होते. शंतनू तोंडात पाणी घ्यायचा, खळखळ करायचा आणि पिचकारी टाकायचा.

"सर, थुंकू नका."

"थुंकत नाहीये. नाकात गेलं."

दहा वाजून गेले तरी कुणी वर येईना. एकालाही एक फेरी पूर्ण झाली नव्हती. मिहिरनं पायरी धरली, पाय मारायचे थांबवले आणि आभाळाकडं बघत राहिला.

"दमलास?" शंतनूनं विचारलं.

"नाही. जरा गरम वाटतंय आता."

शंतनूला कळलं. तो हसला. "समुद्रात काय, सगळेच करतात. याचाही सराव झाला म्हणायचं."

"ई," म्हणत सावनी दुसऱ्या बाजूला सरकली. पाण्याबाहेर मात्र आली नाही.

सुलेखा मानेपर्यंत त्याच पाण्यात होती.  ओठ घट्ट मिटून ती पायऱ्या चढली आणि टॉवेलनं तोंड पुसत राहिली, कातडी चुरचुरेपर्यंत.

अकराला दहा कमी असताना बाया बांधावरून आल्या. पुढं तिची काकू सत्यभामा. तवंग थोड्या वेळानं कडेला जाईल. हंड्यात पाणी पाण्यासारखंच दिसेल. सुलेखा बोलली नसती तर कुणाला काही कळणार नव्हतं, आणि जूनमध्ये ती विमानात बसली असती. सत्यभामानं बादलीला दोर बांधला.

सुलेखानं दोर धरला. "काकू, नको काढू."

"का गं?"

तिनं सांगितलं. सगळ्या बायांसमोर, न थांबता, क्रीमपासून शेवटापर्यंत. एका बाईनं तोंडाला पदर लावला. बायांमागून येऊन मोटरीच्या ओट्यावर बसलेला कडुबा "व्हय?" एवढंच म्हणाला. पुतणीकडं मात्र त्यानं बघितलं नाही.

सत्यभामा बादली ठेवून म्हणाली, "सासऱ्याच्या टायमाला आपला हात लागला तर लोक गावची विहीर उपसत होते. म्हणून तर सासऱ्यानं ही खांदली. लावा मोटर."

"सगळं उपसलं तर दोन दिवस झरा भरायचा नाय," कडुबा म्हणाला.

"मग तुमी पेता का हे?"

खालच्यांना वर बोलावून कडुबानं मोटर लावली. पाणी जाड धारेनं उघड्या शेतात पडू लागलं. ढेकळं ते पिऊन तशीच कोरडी दिसत होती.

शंतनू टॉवेल गुंडाळून आला. "अहो काका, आमच्यासाठी कशाला मोटर लावली? पण बरं झालं, अंग धुऊन घेतो." तो धारेखाली बसला. मिहिरनं गॉगल विसळला. सावनीनं व्हिडिओ काढला.

"धुवा, धुवा," सत्यभामा म्हणाली. "कानामागं बी धुवा."

"सुलेखा," शंतनू केस पुसत म्हणाला, "सह्यांचं उद्या उरकून टाक."

"नाही सर. तुम्हाला पोहता येत नाही. आणि माझं नाव काढा यादीतून."

"काय झालं एवढं?"

"मिहिर सर विहिरीत मुतले. हे प्यायचं पाणी आहे. ते आता फेकतोय आम्ही."

मिहिरचे कान लाल झाले. "गंमत होती यार," तो शंतनूकडं बघून म्हणाला.

"गाडीत वीस लिटरचे सहा ड्रम बसतील," सुलेखा म्हणाली. "बिडकीनहून पाणी आणायचं. आज आणि उद्या, तुम्हीच."

"सीट ओल्या होतील," शंतनू म्हणाला. पण गाडीच्या वाटेवर बाया उभ्या होत्या, आणि याच शिवारातली पुढची जमीन त्याला हवी होती. त्यानं मागचं दार उघडलं.

कडुबानं घरून ड्रम आणले. पहिला त्यानं मिहिरच्या हातात दिला. मिहिरनं तो दोन बोटांनी, अंगापासून लांब धरला आणि आत वाकून वास घेतला.

"हा नीट धुतलेला आहे ना?" त्यानं विचारलं.