पोत्याखालचा साचा

मी एक जुना साचा आहे. पांढऱ्या प्लास्टरचा, दोन अर्ध्यांचा आणि स्वभावाने जळका. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मित्रांनो, प्लास्टरची जातच तहानलेली. पाणी दिसलं की ते शोषून घेते. मी पाण्याबरोबर दुसऱ्यांची कौतुकंही शोषत बसलो आणि ती मला कधी पचली नाहीत.

माझं गाव कोल्हापूरजवळचं हातकणंगले. इथे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये क्रांती मातीची भांडी करते. तिचे वडील जोतीराम तीस वर्षं फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे, होते. घरात त्यांना आण्णा म्हणतात. निवृत्त झाल्यापासून ते शेडमध्येच स्टूल टाकून बसतात. एकदा क्रांतीने एक टिकी मग कोरला. दूरच्या समुद्रातल्या बेटांवर लाकडात कोरलेल्या मूर्ती असतात, तसा चेहरा असलेला हा उंच मग सरबत प्यायला वापरतात. क्रांतीने त्याला जाड भुवया दिल्या, विचकलेले दात दिले आणि कान मात्र आपल्या तालमीतल्या पैलवानासारखे चुरगळलेले दिले. एकेका कानावर ती चार-चार दिवस बसली होती.

एवढं कोरीव काम पुन्हा पुन्हा कोण करणार? म्हणून त्या मगाभोवती प्लास्टर ओतलं गेलं आणि माझा जन्म झाला. एका अर्ध्यात चेहरा, दुसऱ्यात पाठ.

रोज सकाळी मला दोरीने आवळून माझ्या पोटात दुधासारखी पातळ माती ओतायचे. मी तिच्यातलं पाणी प्यायचो, तशी माझ्या भिंतीला मातीची साय धरायची. मग जास्तीची माती ओतून काढायची. संध्याकाळी मला उघडलं की आत भुवया, दात, कान सगळं जिथल्या तिथे! फक्त माझे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे मगाच्या दोन्ही अंगांना एक बारीक रेघ उठायची. माझी सही म्हणाल तर तेवढीच. आणि क्रांती ओला स्पंज घेऊन आधी तीच पुसायची! वर कानाशी, भुवईशी सुरीने चार ओरखडे मारायची, म्हणजे मग हातचा वाटावा.

त्यानंतर सुरू व्हायचे मगाचे लाड. एकदा भट्टीत भाजायचं. कोरलेल्या खाचांत तपकिरी रंग भरून वरचा पुसून घ्यायचा. मग काचेसारखी चमक देणाऱ्या हिरव्या लेपात, ग्लेझमध्ये, अलगद बुडवायचं, तळ स्वच्छ पुसायचा, तिथे क्रांतीचं नाव कोरलेलं असायचं ते बुजू द्यायचं नाही, आणि पुन्हा भट्टी. बाहेर आले की हे पठ्ठे नवरदेवासारखे चकाकत फळीवर बसायचे. मी मात्र पाणी पिऊन जड झालेला, अंगावर वाळल्या मातीचे पोपडे घेऊन कोपऱ्यात पडलेला असायचो. आयत्या बिळावर नागोबा मेले! एकदा भट्टीत एका मगाला टचकन तडा गेला. क्रांतीचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं.

मग धैर्यशील आले. मलकापूरच्या रस्त्याला त्यांचं नवं हॉटेल होत होतं. त्यांनी एक मग उचलून उलटासुलटा केला.

"ताई, ह्यो साच्यातला न्हाय न्हवं? तसला माल बाजारात ढीगभर हाय."

क्रांतीने पायानेच एक पोतं माझ्यावर ओढलं. "न्हाय दादा. सगळं हातानंच हाय की."

"मग चोवीस करा. आमच्यात कोकम सरबत ह्यातच देणार."

पोत्याखाली माझा नुसता जळफळाट झाला. त्या दिवसापासून ते पोतं माझ्यावरच राहिलं. काम संपलं की मला झाकायचे. मी मनातल्या मनात म्हणायचो, फुटोत सगळे मग, म्हणजे हिला माझी किंमत कळेल.

एकोणीस मग झाले होते. एका दुपारी क्रांती रंग आणायला कोल्हापूरला गेली आणि शेडमध्ये आण्णा एकटेच होते. त्यांनी पोतं बाजूला केलं. "लय राबतोयस रं," ते मला म्हणाले. माझे पोपडे काढले, मऊ फडकं घेतलं आणि माझ्या आतल्या कपाळावरून, नाकावरून, ओठांवरून तेलाचा हात फिरवला. मित्रांनो, मला कुणी असं कधी गोंजारलं नव्हतं! मी त्या मगांकडे पाहून मनात म्हटलं, बसा आता जळत.

दुसऱ्या दिवशी माती ओतली आणि मला पाणीच पिता येईना. माती ओतून काढताना कपाळ कसंबसं राहिलं, नाक आणि ओठ वाहून गेले. क्रांतीने माझ्या आत बोट फिरवलं आणि वास घेतला.

"आण्णा, ह्याला तेल लावलंसा व्हय?"

"जरा हात फिरवला. फौंड्रीत वाळूत दाबायच्या लाकडी पॅटर्नला लावतोच की आमी. वाळूतनं सुटायला बरं पडतंय."

"आवो, प्लास्टर पाणी पिऊनच काम करतंय! त्याचं तोंडच बंद झालं की तेलानं!"

आण्णांनी फडकं खाली ठेवलं आणि ते घरात निघून गेले. दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत. धैर्यशील रविवारी माल न्यायला येणार होते; नवा साचा करून, वाळवून, पाच मग दोनदा भाजायला आता वेळ नव्हता. मी मगांचं वाईट चिंतलं होतं, आणि बाद झालो मीच.

रविवारी सकाळी धैर्यशील आले. आण्णाही येऊन खाली मान घालून स्टुलावर बसले होते.

"एकोणीसच? पाच कुठं हायत?"

"भट्टीत जरा..." क्रांती म्हणाली आणि थांबली. तिने आण्णांकडे पाहिलं. मग पोतं ओढून फेकलं आणि माझा चेहऱ्याचा अर्धा उचलून दारातल्या टेबलावर उभा ठेवला. "खरं सांगते दादा. हे मग साच्यातनं काढल्यात. साचा बिघडला म्हणून पाच ऱ्हायलं."

"आणि हातानंच म्हणला हुता ते?"

"ते चुकलं माझं. पयला मग मी कोरलाय. पण ह्यो साचा आण्णांनी केलाय, तो बी हातानंच. ह्यो नसता तर एक बी मग झाला नसता."

धैर्यशील चिडलेच होते. तसेच माझ्यावर वाकले. दारातून तिरपं ऊन माझ्यावर पडलं होतं. ते डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले आणि ओरडले, "आयला! हे तोंड माझ्या मागं फिरतंय की!"

"आत गेल्यालं तोंड हाय ते," आण्णा हळूच म्हणाले. "लांबनं बाहेर आल्यागत दिसतंय. बोट घालून बघा पावणं."

पावण्यांचं बोट माझ्या नाकात दोन पेरं गेलं आणि ते खो खो हसले. "असं करा ताई, पाच मग मागनं द्या. पण हे तोंड मला द्या. हॉटेलच्या भिंतीवर लावतो!"

मित्रांनो, भिंत! दिवे, माणसं, कौतुक! मी आनंदाने वेडा झालो.

"आण्णांस्नी इचारा," क्रांती म्हणाली. "करणारं ते हायत."

आण्णा उठले. तीस वर्षं त्यांनी पंपांचे सांगाडे ओतले, त्यावर नाव कंपनीचं असायचं. त्यांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ते जवळ आले आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "न्हाय दादा. माझ्या हातानं बिघडलाय, माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

गेली भिंत! मी असा चडफडलो म्हणता! पण त्यांचे डोळे भरून आले होते. ते माझ्यासाठी नव्हते. लेकीने परक्या माणसासमोर 'आण्णांनी केलाय' म्हटलं, त्यासाठी होते.

तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आत्ताच मी तुम्हाला सांगितलं, प्लास्टर ओतलं गेलं आणि माझा जन्म झाला. कुणी ओतलं ते सांगितलं का? मग न तुटता सुटावा म्हणून माझ्या पोटाला उतार कुणी दिला? ते चुरगळलेले कान अडकू नयेत म्हणून नेमके दोन अर्ध्यांच्या सांध्यावर कुणी घेतले? माझी एक रेघ पुसली म्हणून मी वर्षभर जळलो आणि ज्यांनी मला घडवलं त्यांचं नाव मीच गिळून बसलो.

आता आण्णांनी नवा साचा केला आहे. त्याचा मला हेवा वाटतो, उगाच नाही कशाला म्हणू? पण त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मगाच्या तळाशी क्रांती दोन नावं कोरते. मित्रांनो, तुमच्या कामालाही कुणाचा तरी हात लागलेला असतो. त्याचं नाव चार माणसांत घ्या, आणि तो ऐकायला समोर बसला असेल तेव्हाच घ्या.