ब्रेकच्या पेटीचा सहावा स्क्रू

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या ब्रेकची नियंत्रण-पेटी. परवापर्यंत बॉनेटखाली होते, आज खिडकीत वर्तमानपत्रावर पडून आहे. कारखान्यात माझ्या पोटात केसाएवढ्या तारा जोडल्या, तेव्हाच काम नेमून दिलं होतं: ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जखडू द्यायची नाहीत. अकरा वर्षं मी ते चोख केलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. "गाडी गुणाची आहे," एवढंच म्हणायचे.

मग इंजिनाच्या उष्णतेने माझे आतले सांधे तडकले. मी चालकासमोरचा धोक्याचा पिवळा दिवा लावला. गॅरेजवाला म्हणाला, "ब्रेक लागतात ना? मग चालवा." चार महिने चालवली. गेल्या सोमवारी इस्पितळाच्या उतारावर चाकं जखडली आणि मला काहीच करता आलं नाही. गाडी घसरत जाऊन एका बसच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. आत गाडी चालवणाऱ्या आमच्या बाई होत्या आणि त्यांचे यजमान. यजमानांची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि रस्ता तो एकच.

गॅरेजवाल्याने पंधरा दिवस मागितले. मग बाईंनीच भंगारातल्या तशाच गाडीची पेटी आणली आणि अंगणात बॉनेट उघडलं. शेजारी स्टुलावर सासरे. जन्मभर लेथवर काम केलेले, आता डोळ्यांनी अधू. त्यांनी सांगायचं, बाईंनी करायचं. बॅटरी सुटली, माझा प्लग सुटला, पाच स्क्रू निघाले. सहावा गंजून बसला होता.

"जोर नको, सूनबाई. डोकं झिजलं तर संपलं."

"संपलंच आहे, बाबा! उद्या सकाळी आठला यांना न्यायचंय." त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं.

खिडकीतून यजमान म्हणाले, "एक दिवस नाही गेलो तर काय बिघडतं?"

"पाय बघा तुमचे, किती सुजलेत!" बाई ओरडल्या आणि गाडीवर डोकं टेकून हमसून रडल्या.

मित्रांनो, मला सुटायचं होतं हो! पण गंज माझं ऐकेना.

सासऱ्यांनी चाचपडत स्क्रू शोधला, तेल सोडलं. अर्धा तास ते मुरू दिलं. मग त्यांनी सुनेच्या मुठीवर आपला तळवा ठेवला. "आधी किंचित घट्ट कर. आता सैल कर."

कट्! मी सुटले.

दुसरी पेटी बसली, बॅटरी जोडली, तरी पिवळा दिवा विझेना. सासऱ्यांनी बोटांनी प्लग चाचपला. "अगं, खटका अर्धाच बसलाय." तो दाबला आणि दिवा विझला.

ब्रेक तपासायला बाई एकट्याच गाडी मागच्या खडीच्या रस्त्यावर घेऊन गेल्या. ब्रेकचा आवाज आला. मग काहीच नाही. सासरे धडपडत उठले, काठी शोधू लागले. तेवढ्यात गाडी परतली.

"पायाखाली ब्रेक थरथरला, बाबा. चाकं फिरत राहिली, जखडली नाहीत."

सासऱ्यांनी सुनेच्या बोटांना आपला रुमाल बांधला.

मित्रांनो, आम्हाला वाचा नाही. माझ्या जागी बसलेली पेटीही वापरलेलीच आहे. तीही कधीतरी थकेल. तिने पिवळा दिवा लावून खूण केली, तर तुमच्या पाया पडते, त्याच दिवशी बॉनेट उघडा.