नाव नसलेला आलेख

निशिगंधाने टेबलाखाली वाकून पंख्याचं बटण तिसऱ्यांदा बदललं. दोष काही सापडत नव्हता.

जेसल पार्कमधल्या या विमा कार्यालयात तिच्या कंपनीने महिनाभरासाठी प्रत्येक टेबलावर छोटा पंखा आणि पायाशी ऊब देणारी पट्टी बसवली होती. एसी बावीसवरून सत्तावीसवर गेला. ज्याला जे हवं ते त्याने आपल्यापुरतं लावायचं. रिमोटवरून होणारी भांडणं मिटली, वीजही वाचली. कोण काय, किती वेळ लावतं याचा प्रत्येक टेबलाचा आलेख निशिगंधाच्या लॅपटॉपवर उमटायचा. फक्त तिथल्या शुभदाताईंचा आलेख वेडावाकडा येत होता. दिवसातून दहाबारा वेळा पंखा एकदम जोरात, चार मिनिटांत बंद, लगेच पट्टी चालू. यंत्र बिघडलेलं निघालं, तर चारच्या बैठकीत कार्यालयाचे प्रमुख कौस्तुभसर ते काढायला सांगणार होते.

निशिगंधा शेजारच्या खुर्चीत बसून बघत राहिली. शुभदाताई फोनवर कुणाला तरी कागदपत्रं समजावून सांगत होत्या. बोलता बोलता त्यांची मान लाल झाली, कपाळावर घाम डवरला. हात पंख्याकडे गेला. आवाज मात्र तसाच शांत. थोड्या वेळाने पंखा बंद करून त्यांनी घाम टिपला, आणि अंग शहारलं तसं पायाने पट्टी चालू केली.

निशिगंधाने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

"कळलं ना? पाळी जायचं वय गं," फोन ठेवून ताई म्हणाल्या. "आधी दर वेळी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारायचे. सर म्हणायचे, शुभदाबाई जागेवर कमी, बाहेर जास्त. राजीनामा लिहून ठेवला होता मी. तुझ्या या पंख्यामुळे टिकलेय गं. काढणार का हे?"

चार वाजता भिंतीवर चौदा आलेख उमटले. प्रत्येकाखाली निशिगंधाने हौसेने नाव टाकलं होतं. बैठकीआधी तिने ती सगळी पुसली होती.

"इथे भूत बसतंय काय?" वेड्यावाकड्या आलेखाकडे बोट दाखवत कार्यालयातला रोहित हसला.

"हे मशीन खराब आहे ना?" सरांनी विचारलं.

"नाही सर. सगळ्यांत चोख तेच चाललंय. बसणाऱ्याला अचानक उकडतं, मग थंडी वाजते."

 सगळी यंत्रं राहू देत, एवढं सांगून सरांनी बैठक संपवली. सगळे उठले, तरी ते त्याच आलेखापुढे उभे होते.

"यातलं एक घरी बसवता येईल?" त्यांनी हळूच विचारलं. "मिसेस फ्रिजचं दार उघडून उभी राहते. वीज वाया जाते म्हणून मी ओरडतो तिच्यावर."

निशिगंधाने होकारार्थी मान हलवली.

"ज्यांचा हा आलेख आहे ना, त्यांना माझे आभार सांगा," सर म्हणाले.

शुभदाताई अजून दारातच उभ्या राहून ऐकत होत्या.