नवाने जातो

एक्केचाळीस.

वरच्या खोलीत काका रक्त जुळवून पाहतात आणि जुळलेल्या पिशवीचा नंबर फोनवर सांगतात. खाली रक्तपेढीत मी तो लिहून घेते, फ्रिजमधून पिशवी काढते, ऑपरेशन थिएटरकडे धाडते. सकाळी एक धाडली, आता ही दुसरी. दोन्ही माझ्या सख्ख्या ताईसाठी. तिला आजवर इतक्यांदा रक्त चढवलंय की आता दहातली एखादीच पिशवी मानवते. न मानवणारी चढवली तर माणूस जातो.

त्र्याहत्तर.

प्रत्येक पिशवीच्या नंबराला नवाने पूर्ण भाग जातो. मुद्दाम तसेच छापतात. लिहिताना चूक झाली तर बेरजेत पकडली जावी म्हणून.

४१७३८२६५९. बेरीज पंचेचाळीस.

"नीट लिहिलंस?"

"नवाने जातो, काका."

"मग जाऊ दे."

पिशवी गेली.

ब्याऐंशी.

नाही. अठ्ठावीस.

काका चहाला खाली आले, हातातली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. ४१७३२८६५९.

अठ्ठावीस म्हणताना तोंडातून आधी आठ निघतो. माझ्या हातानेही आधी आठच लिहिला.

"पण काका, नवाने तर..."

"अगं, दोन आकड्यांची जागा बदलली तरी बेरीज तीच ना! नवाला काय कळतंय?" काकांनी चष्मा काढला. "यात तर एक ते नऊ सगळे एकेकदा आलेत. कसेही मांड. जातोच."

माझ्या चुकीच्या नंबराचीही एक पिशवी फ्रिजमध्ये होती. होती म्हणूनच मला ती सापडली.

थिएटरचा फोन नुसताच वाजत राहिला.

पासष्ट.

पायऱ्या असतील. मोजल्या नाहीत.

दाराशी भाऊजी. "पळतेस काय अशी? बाकी ठीक आहे ना?"

"बाजूला व्हा, भाऊजी!"

नऊ.

पिशवी हुकाला लटकत होती. सिस्टर नळी जोडायच्या बेतात.

"थांबा! नंबर वाचा. जोडीने नको, सुटा सुटा."

"चार, एक, सात, तीन, आठ..."

"उतरवा!"

त्यांनी उतरवली. मी भिंतीला टेकले.

"केवढं घाबरवलंस गं," सिस्टर म्हणाल्या. "चढवली कुठे होती अजून? सकाळचीच आत्ता संपतेय." मग यंत्राकडे पाहून हळूच म्हणाल्या, "ताप मात्र चढतोय हिला. मघापासून."

सकाळचा नंबरही मी फोनवरच ऐकला होता. जोड्याजोड्यांनी.

तोही नवाने गेला होता.