शिवणाऱ्या बाईंचं बोट

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. घड्याळजींनी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, तशी ताकीद दिली, तेव्हा मी घड्याळजींच्या हातातच होते. पण मला कुणी वेगळं बजावलं नाही, म्हणून बोलते.

मी एक सुई. रक्तातली साखर तपासायला बोटावर टोचतात ती. माझ्या खोक्यावर लिहिलं होतं, 'एकदा वापरून टाकून द्या.' घड्याळजींनी मला तीन महिने वापरलं. मनगटी घड्याळातला केसाएवढा स्क्रू शोधणारा हा माणूस, पण खोक्यावरचं वाचायला त्यांना सवड झाली नाही.

घड्याळजींना मधुमेह. त्यांच्या मुलीने चहात घालायला गोड पानांची भुकटी आणून दिली. त्या पानांत गोडी असते, साखर नसते, त्यामुळे रक्तातली साखर वाढत नाही. यावरून घड्याळजींनी स्वतःचा हिशोब मांडला. चहातली साखर वाचली, म्हणजे तेवढी बिस्किटं चालतील. प्रत्येक चहाला चार. चहा दिवसातून पाचदा.

"अहो, बिस्किटांत काय माती असते का?" त्यांच्या बायकोने एकदा विचारलं.

"पोटात पानं आहेत ना. ती बघून घेतील."

या बाई घरीच शिवणकाम करतात. त्यांना शेजारणीने खजुराच्या पाकाची बाटली दिली होती. "झाडाचं आहे हो, याला साखर म्हणत नाहीत." बाईंना ते पटलं. सकाळी दुधात दोन चमचे, शिवताना थकवा आला की आणखी दोन. बाटलीवर पुढे हिरवंगार झाड आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत साखरेचा आकडा. बाटलीची पाठ कायम भिंतीकडे.

हल्ली बाईंच्या मशीनजवळ पाण्याचा तांब्या असायचा आणि तो तासाभरात रिकामा व्हायचा. दोरा ओवायला चार-चार खेपा लागायच्या. "चष्मा बदल," घड्याळजी म्हणायचे. त्यांचं साखरेचं ज्ञान स्वतःपुरतं होतं.

मग डॉक्टरांनी घड्याळजींना सांगितलं, या आठवड्यात उपाशीपोटीची साखर दीडशेच्या वर गेली तर इन्सुलिन सुरू करायचं. माझ्याकडून रोज टोचून घेणारे घड्याळजी त्या इंजेक्शनच्या नावाने पांढरे पडले. मुलगी रोज सकाळी फोन करून आकडा विचारायची. सोमवारी फोनच्या आधी ते बाईंकडे आले.

"अगं, जरा बोट दे."

"माझं कशाला?"

"तुझी साखर चांगली असणार. आज तुझाच आकडा सांगतो."

"काही लाज?"

"वाटते ना. पण इन्सुलिनची भीती जास्त वाटते. कुणाला बोलू नकोस."

एका सुईने दोघांना टोचू नये, हेही खोक्यावर लिहिलेलं होतं. बाईंनी बोट पुढे केलं. वर्षानुवर्षं सुया टोचून घेतलेलं ते बोट हललंही नाही. वाकले ती मीच.

साखर मोजायच्या यंत्राने दाखवलं, दोनशे अडुसष्ट.

"बिघडलंय," घड्याळजी म्हणाले. त्यांनी सेल काढून परत घातला. बाईंचं दुसरं बोट. दोनशे एकाहत्तर. मग स्वतःचं. एकशे बासष्ट.

यंत्र बिघडलं नव्हतं. घड्याळजींनी तांब्याकडे पाहिलं. मग पाकाची बाटली फिरवून मागचं वाचत बसले. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, किती आली?"

"एकशे बासष्ट."

"मग इन्सुलिन घ्यावं लागणार."

"घेतो. आणि तुझ्या आईची दोनशे एकाहत्तर आहे. डॉक्टरांकडे दोघांची वेळ घे."

"आईची? आईची कशाला तपासलीत?"

बाई मशीन थांबवून त्यांच्याकडे बघत होत्या. 'सहज' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"तुला फसवायला," घड्याळजी म्हणाले.

काल दोघं डॉक्टरांकडे जाऊन आली. घड्याळजींना इन्सुलिन, बाईंना गोळ्या. दोघांनाही मुलीची बोलणी. आज ती नवीन सुयांची दोन खोकी घेऊन आली आहे, आणि दोन्ही मोठ्याने वाचून दाखवते आहे. मी टेबलावर पडून ऐकते आहे. माझं आता काही राहिलेलं नाही, पण जाण्याआधी एक विनंती आहे. झाडाचं आहे म्हणून गोड बोलणाऱ्या बाटलीवर जाऊ नका, आणि घरात जी बाई सगळ्यांची औषधं वेळेवर देते, तिला कधीतरी

"आई, ती वाकलेली सुई दे गं इकडे, आधी ती टाकते."

हो, आले. तर मी म्हणत होते, तिला कधीतरी नुसतं एवढंच विचारा, की तुझं