कुसाबाईच्या पत्र्यातून आलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना ते सांगितले, तर तुम्हीही मला थापाड्या म्हणाल. मी पृथ्वीच्याच वयाचा आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरता फिरता वाट चुकलो आणि भर दुपारी देवळ्याजवळच्या एका मळ्यात कोसळलो. आकाशात धडाका झाला. “ओझरच्या तळावरनं इमान उडालं आसंल,” असे म्हणून कोणी मान वर केली नाही.

लोणारला माझ्या एका बड्या भाऊबंदाने सरोवर मावेल एवढा खड्डा पाडला. मी आपले कुसाबाईच्या कांदाचाळीच्या पत्र्याला भोक पाडले. आकाशात जळताना मी उल्का होतो, जमिनीवर पडल्यावर अशनी झालो. कुसाबाईने मात्र मला ‘मळी’, म्हणजे लोखंड वितळवताना उरणारा टाकाऊ खडा ठरवले.

मी काळा, जड आणि वर चुंबकाला चिकटणारा. शेजारच्या घरातला तिचा पुतण्या रवी नाशिकच्या सातपूरला लोखंडाच्या भट्टीवर कामाला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांत नुकतेच वाजले होते. झाले!

“भट्टीतली मळी हाय ही. रव्यानंच मारली!”

“वहिनी, पोरगं तवा सातपूरला ड्युटीवर व्हतं,” रवीचा बाप, तिचा धाकटा दीर चिमाजी म्हणाला.

“मग मळी तिथलीच ना?”



चिमाजीची मुलगी उज्वला नाशिकच्या कॉलेजात भूशास्त्र शिकलेली. तिला काकूनेच अंगाखांद्यावर खेळवले होते. ती स्वतःच्या हळदीचे बोलावणे घेऊन आली आणि मला निरखू लागली.

“काकू, मळीला बुडबुड्यांची भोकं असतात. याला एकपण नाय. अन् पत्र्याचं भोक बघ, सरळ वरून पडलंय. आमच्या अंगणातून मारला असता तर तिरपा आला असता. हा आभाळातून पडलाय!”

“भावाची बाजू घेती व्हय गं? मी नाय येत तुझ्या हळदीला.”

उज्वला डोळे पुसत गेली, पण जाताना माझा एक तुकडा तपासायला घेऊन गेली. हळदीच्या दिवशी वाजंत्री चाळीपर्यंत ऐकू येत होती. कुसाबाई कांदे निवडत बसली होती. मला फार वाईट वाटले.

तपासणीचे उत्तर आले, तोवर उज्वला सासरी गेली होती. निकेल मिसळलेले लोखंड, दगड आकाशातलाच. कुसाबाईने मला मांडीवर घेतले आणि ती रडू लागली.

“तवाच का नाय बोललास रं?”

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या. मला घासा, फोडा, तपासा. मी दगड, मी काय बोलणार? पण उज्वला तर बोलली होती.