सैल गाठ

"या ओळीत कोण शिरलं होतं?" नवऱ्यानं विचारलं, तेव्हा तिनं उपटलेलं टोमॅटोचं झाड अजून तिच्या हातातच होतं. पानं कुठं गडद, कुठं फिकी, आणि आखडून दोऱ्यासारखी झालेली. विहिरीजवळच्या पहिल्या झाडापासून रोग निघाला होता तो थेट ओळीच्या टोकापर्यंत, आणि तिथून वळून पुढच्या ओळीत. वाऱ्यानं आलेला रोग असा रांगेत चालत नाही. हा कुणाच्या तरी हातानं आला होता.

तिला ठाऊक होतं, पण तिच्या आधी सासरेच बांधावरून बोलले.

"मीच. राहवेना, म्हणून गेलो. तुम्ही दोघं नव्हतात."

ती होती. तिनं मान खाली घातली आणि पुढचं झाड उपटलं.

घरात टोमॅटोपुरता एकच नियम होता, तंबाखूचा हात झाडाला लावायचा नाही. लावायचाच तर आधी साबणानं खसाखसा धुवायचा. तंबाखूतला रोग बोटांवरून झाडात जातो आणि मग त्याला औषध नाही. नियम मुलानं केला, बापानं निमूट मानला. पण तंबाखूची डबी काही सुटेना, त्यामुळे शेतच सुटत चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्यासारखी बांधणी दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. सुतळीचा असा वेढा घालायचा, की झाड वाऱ्यावर डोलेल पण काठी सोडणार नाही. सगळे त्याला गाठीबाबा म्हणत.

रोग दिसायच्या आधी, बांधणीच्या सकाळी नवरा बाजाराला गेला होता. झाडं भारानं लवून मातीला टेकायला आली होती आणि तिची कंबर धरलेली. तिनंच हाक मारली. बाबा लगबगीनं आले, नळापाशी थांबले आणि साबण कुठं आहे म्हणाले. साबण घरात होता.

"असू द्या हो बाबा," ती म्हणाली होती. "एवढ्यानं काय होतंय? ऊन चढतंय."

मग बाबा बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातले जादा फुटवे, खुडत, गाठी मारत पुढं पुढं गेले. काय रंगात आले होते! प्रत्येक झाडाशी काहीतरी पुटपुटत होते. इतक्या दिवसांत तिनं त्यांना एवढं खुश पाहिलं नव्हतं.

अख्खं रान उपटून जाळलं. काठ्यांवर फक्त सुतळीचे वेढे राहिले, एकही गाठ सुटलेली नव्हती.

रात्री जेवणं झाल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं. मग म्हणाली, उद्या. नवऱ्याचा राग निवला की सांगू. राग निवला, तशी मग सांगायची गरजच काय, असंही वाटू लागलं. मनाला काय, पळवाट दाखवली की ते धावतंच. नवरा बापाला टाकून बोलला नाही, पण शेताकडं निघताना "बाबा, तुम्ही घरीच बसा" एवढं न चुकता म्हणायचा. बाबा बसायचे. पावसाळ्यात कधीतरी तिला ती तंबाखूची डबी फळीवर सापडली, धुऊन पुसून ठेवलेली, रिकामी. तेव्हाही ती मूग गिळून गप्प राहिली.

नवी लागवड झाली, बांधणीचा दिवस आला. नवरा सुतळीचं बंडल घेऊन उंबऱ्यात उभा राहिला आणि बाबांना घरी बसा म्हणाला. त्या दिवशी मात्र तिला ते ऐकवेना.

"मी बोलावलं होतं त्यांना," ती म्हणाली. "ते हात धुवायला थांबले होते. मीच नको म्हटलं."

नवऱ्यानं उंबऱ्यातला पाय मागं घेतला. मग खाटेजवळ गेला, सुतळी बापाच्या मांडीवर ठेवली आणि खाली बघून म्हणाला, "चला बाबा."

बाबा आले. नळापाशी थांबून त्यांनी साबणानं हात धुतले, तंबाखू सुटून कितीतरी महिने झाले होते तरी. पहिल्या झाडाशी वाकले, वेढा घातला. पण टोक काही पलीकडून निघेना. बोटं थरथरत होती. वर्षभर ती बोटं नुसती मांडीवर पडून होती. दोनदा प्रयत्न केला, मग सुतळी त्यांनी सुनेच्या हातात दिली.

"कशाला सांगितलंस गं?" ते हळूच म्हणाले. "मिटलं होतं की सगळं."

ती गुडघ्यावर बसली आणि डोळे भरलेले असतानाच गाठ आवळू लागली. बाबा तिच्या खांद्यावर हात टेकून वाकून बघत होते.

"जरा सैल ठेव," ते म्हणाले. "झाड अजून वाढायचंय."